पावसाकडची भिंत

सुताराने भिंतीच्या काढलेल्या फळीत पटाशी टोचली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," तो म्हणाला. "रंगानं उभं आहे दादा तुझं घर. आणि आभाळ असं असताना भिंत उघडी करून बसलास?"

"गेल्या पावसात पाणी थेट अंथरुणावर आलं."

अंथरूण घरधन्याच्या सासूचं होतं. बायको वारली आणि आपली आई त्याच्या पदरात टाकून गेली. म्हातारीचे पाय गेलेले, छाती भरलेली. आणखी एकदा भिजली तर उठणार नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं.

"दुसऱ्या खोलीत हलव."

"त्या खोलीला छप्पर कुठाय?"

"मग लेकाकडे पोचव तिच्या."

"मी इथंच मरेन!" उभ्या खांबांमधून म्हातारी ओरडली. भिंत नसल्यामुळे खाटेवरून तिला सगळं दिसत, ऐकू येत होतं. "लेकाच्या दारात कुत्रंसुद्धा टिकत नाही."

सुतारालाही थांबता येणार नव्हतं. पलीकडे एकाचं छप्पर अर्धं उघडं होतं, ते पावसाआधी झाकायचं होतं. तो हत्यारं उचलून गेला.

राहिले दोघंच. त्याने खालून नव्या फळ्या लावायला घेतल्या. खालची आधी, वरची तिच्यावर चढती, म्हणजे पाणी बाहेर ओघळतं. एक टोक गुडघ्याने दाबलं, हातोडी उचलली आणि तसाच थांबला.

"मुहूर्त बघतोस का?" म्हातारी म्हणाली.

"नाही मामी. ती दुसरं टोक धरायची. 'धरलं' म्हणायची, मग मी ठोकायचो."

म्हातारी कोपरांवर सरकत खाटेच्या कडेला आली आणि खांबांमधून हात बाहेर काढून तिने फळीचं टोक पकडलं.

"धरलं. ठोक. आणि माझी बोटं वाचव, तेवढीच चालतायत."

फळीवर फळी चढत गेली. म्हातारीचं अंथरूण झाकलं, मग छाती. धुळीचा वारा सुटला, टपोरे थेंब आले. घाईत त्याने शेवटच्या फळीच्या अगदी टोकाला खिळा मारला आणि फळी उभी चिरली. दोन तुकडे चिखलात पडले.

दुसरी फळी नव्हती. मधे हातभर फट, आणि फटीच्या पलीकडे म्हातारीचं तोंड. वरती वळचणीचा आडोसा होता, पण पाऊस नेमका त्या फटीतून आत जात होता. त्याने सदरा काढून कोंबला. वाऱ्याने तो उडवला.

"आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावतोस?" म्हातारी खोकत म्हणाली. "तिच्या खाटेची फळी काढ."

"नाही."

"अरे, ती काय आता झोपायला येणारे?"

"मामी, नका बोलू."

"माझ्या पोटची होती ती. तुझ्याआधीची माझी. आण जा."

तो आत गेला. ओल्या हातांनी खाट उलटी केली, मधली फळी उचकटली आणि बाहेर आणून फटीवर धरली. एक अंग खरबरीत होतं. दुसरं वर्षानुवर्षांच्या झोपेने गुळगुळीत झालेलं. पाणी निथळावं म्हणून गुळगुळीत बाजू बाहेर ठेवायची, एवढं त्याला कळत होतं.

म्हातारीने आतून फळीवर हात फिरवला.

"उलटी कर."

"मामी, खरबरीत बाजूवर पाणी मुरेल. लवकर कुजेल फळी."

"कुजू दे. तिच्या पाठीची बाजू माझ्याकडे कर."

त्याने फळी फिरवली. म्हातारी दिसेनाशी झाली. पाऊस पाठीवर आपटत होता. तो हातोडी उचलून उभा राहिला, आणि आतून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

"धरलं," ती म्हणाली.