लाकडी पुलावरची तुकडी

माझा नवरा पंच आहे. क्रिकेटचा नव्हे. ऑनलाइन सहा जणांचा एक ग्रुप आहे, त्यातला प्रत्येक जण एका काल्पनिक देशाचा राजा. दर आठवड्याला प्रत्येकाने आपले हुकूम गुपचूप फक्त पंचाला कळवायचे: कुठली तुकडी कुठे जाणार, कोणाशी तह, कोणावर चाल. मग नवरा ते सगळे हुकूम एकदम उघडतो, जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर नाणी सरकवतो आणि कोण जिंकलं, कोण बुडालं याचा वृत्तान्त ग्रुपवर टाकतो. तो सांगतो, मी टाइप करते. दिवसभर वकिलाच्या ऑफिसात तेच करत असल्यामुळे माझी बोटं त्याच्या जिभेपेक्षा वेगात चालतात.

त्या सहा राजांतला एक माझा धाकटा भाऊ. तो छापखान्यात मशीन चालवायचा; छापखाना बंद पडला आणि तो घरी बसला. चार माणसांत जायचं टाळू लागला, कारण जो तो पहिला प्रश्न कामाचाच विचारायचा. मीच नवऱ्याच्या मागे लागून त्याला खेळात घेतलं. वाट्याला आलं सगळ्यात फाटकं राज्य, नाव पाणथळ. नुसती दलदल, दोन पूल आणि एक राजधानी. पण पठ्ठ्याने ते असं राखलं, की मोठे राजे त्याच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. "पाणथळकर काय म्हणतात?" असं ग्रुपवर कोणी विचारलं, की तो मला फोन करून ऐकवायचा. त्या दिवसांत त्याला मान मिळण्याचं तेवढंच एक ठिकाण उरलं होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याने पहिल्याच दिवशी ग्रुपवर सांगून टाकलं होतं, की हा माझा मेहुणा. त्यावर कोणीतरी लिहिलं, "म्हणजे निकाल लागला!" पुढे हसरे चेहरे. नवऱ्याला ते झोंबलं, आणि खरं सांगायचं तर मला जास्त झोंबलं. "माझ्या भावाला झुकतं माप देऊ नकोस हं," मी बजावलं. "उद्या बोट माझ्याकडे दाखवतील."

"झुकतं? उलट त्याला जास्त काटेकोर लावीन," नवरा म्हणाला. मला बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

या शनिवारी संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. पाणथळवर चालून आला होता एक दातांचा डॉक्टर, शेजारच्या देशाचा राजा. डॉक्टरने आपल्या जहाजांना बंदरात जायला सांगितलं होतं, पण कुठल्या बंदरात ते लिहिलंच नव्हतं. नवरा म्हणाला, "विचार गं त्याला." मी लगेच टाइप केलं: डॉक्टर, कुठलं बंदर? उत्तर आलं, जहाजं लागली.

मग भावाचा हुकूम उघडला. "तिसऱ्या तुकडीने पूल अडवून धरावा."

"कुठला पूल? दगडी की लाकडी?" नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला.

"लाकडीच असणार. किती फेऱ्या ती तुकडी लाकडी पुलाच्या तोंडाशी बसून आहे."

"असणार म्हणजे काय? लिहिलंय कुठे? हुकूम अर्धवट, म्हणजे तुकडी नुसती बसून राहणार, कोणाला अडवणार नाही. घे टाइप करून."

विचारू या, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरला विचारलेला प्रश्न समोर पडद्यावर दिसत होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते हसरे चेहरे आठवले आणि मी मिठाची गुळणी धरली. डॉक्टरचं सैन्य लाकडी पुलावरून निवांत चालत आलं. पाणथळची राजधानी पडली. ते वाक्य मी माझ्या हातांनी टाइप केलं, वर एक चुकलेली वेलांटीही नीट केली.

ग्रुपवर नवऱ्याचा जयजयकार झाला. "मेहुण्यालाही सोडलं नाही! पंच असावा तर असा!" स्वारी इतकी खूश, की स्वतःहून भांडी घासायला उभी राहिली. भावाने फक्त एवढंच लिहिलं: "चूक माझी. पुलाचं नाव लिहायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊ नेहमीप्रमाणे आमच्याकडे जेवायला आला. दाढी नीट, शर्टाला इस्त्री. जेवताना डॉक्टरच्या चालीचं कौतुक करत होता.

"डॉक्टरला आम्ही विचारलं होतं," मी बोलून गेले. "बंदर कुठलं ते. तुला नाही विचारलं."

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. भाऊ पाणी प्यायला. "माहीत आहे, ताई. डॉक्टरनेच रात्री कळवलं. त्यालाच कसंनुसं झालं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? भावजींना तिथे मान आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. पण त्याने कारणं दिली नाहीत, एवढं त्याच्या बाजूने म्हणते. त्याने हात धुतले, मोबाइल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, की चूक पंचाची, डॉक्टरला विचारलं तसं पाणथळला विचारलं नाही, म्हणून ही फेरी रद्द. "भावजी, नका," असं भाऊ म्हणेपर्यंत ते गेलंसुद्धा.

डॉक्टरचं उत्तर आधी आलं. त्याने बिनतक्रार सैन्य मागे घेतलं. पाठोपाठ दुसऱ्या एका राजाचं आलं: "घरी बायकोने उपाशी ठेवलेलं दिसतंय पंचांना!" आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पाणथळ परत मिळालं होतं, पण ते भावाने राखलं म्हणून, असं आता कोणीच म्हणणार नव्हतं. भावाने ते वाचलं आणि मोबाइल पालथा घातला.

"मी खरमरीत लिहितो त्यांना," नवरा म्हणाला.

"नका. जितकं लिहाल तितकं हसतील." भावाने ताटातलं उरलेलं शांतपणे संपवलं. मग मान वर न करता म्हणाला, "भावजी, तुमच्या ऑफिसचे नकाशे छापतात ना, त्या छापखान्यात मी अर्ज केलाय. बुधवारी बोलावलंय. तिथले मॅनेजर तुमच्या ओळखीचे आहेत."

"अरे, मग आधी सांगायचं नाही का! आत्ता फोन करतो."

"त्यासाठीच सांगतोय. करू नका. मी तुमचा कोण हे त्यांना कळू देऊ नका. वाईट बोलू नका, आणि चांगलंही नको." मग तो माझ्याकडे वळला. "तूसुद्धा, ताई."

मी त्याची सख्खी बहीण. मी मान डोलावली.