दोन बोटं सैल

कॉलेजला निघालेली मुलगी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली, तशी आईने दाराला आतून कडी घातली, तिच्या कपाटातून निळा स्कर्ट काढला आणि ब्लेडच्या टोकाने कमरेची शिवण उसवायला घेतली. डावीकडून एक बोट, उजवीकडून एक बोट. आत दाबलेलं कापड हलकेच मोकळं झालं. ते बाहेरच्या कापडाहून किंचित गडद होतं. इतकं किंचित, की ते ओळखायला शिंपिणीचाच डोळा हवा. नवी शिवण घालून तिने ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली आणि जुन्या टाक्यांची भोकं बुजवली. मग स्कर्ट उलटा करून पाहिला. सोडण्यासारखं आत आता काहीच उरलं नव्हतं.

बावीस वर्षं ती या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवत होती. कमरेला टेप लागला की बाई श्वास आत ओढते, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. शाळेतली बाई असो, भाजीवाली असो, नाहीतर साहेबाची बायको. त्या एका क्षणापुरत्या साऱ्या सारख्याच. म्हणून ती माप तोंडाने कमी सांगायची आणि कापताना गुपचूप दोन बोटं जास्त धरायची. कपडा अंगावर मोकळा बसला की बाई आरशासमोर खुलायची, ताईच्या हाताला गुण आहे म्हणायची. कुणी फोनमधला एखाद्या नटीचा फोटो पुढे करून ‘अगदी अस्संच’ म्हणाली, तर ताई सांगायची, की बाई गं, हिच्या पाठीला बारा चिमटे लावलेत, ही जरा वळली तर सगळं सोंग गळून पडेल. बायका हसायच्या आणि हलक्या मनाने घरी जायच्या.

मुलीलाही तिने हेच सांगून पाहिलं होतं; तिला मात्र हसू आलं नव्हतं.

लहानपणी ती गुटगुटीत होती, म्हणून बाप तिला गबदू म्हणायचा. अठराव्या वर्षापर्यंत ती त्या हाकेला ओ देत होती. चार महिन्यांपूर्वी मैत्रिणींसोबतचा तिचा एक फोटो कुणीतरी फोनवर टाकला आणि त्याखाली एका अनोळखी माणसाने एकच शब्द लिहिला. तो शब्द तिने घरात कधीच सांगितला नाही. त्या संध्याकाळी, यापुढे आपल्याला गबदू म्हणायचं नाही, एवढंच तिने बजावलं. आईबापांना दुसरं नाव पटकन तोंडात येईना; तेव्हापासून ते तिला नुसतं ‘अगं’ म्हणू लागले.

मग ताटासमोर फोन आला. त्यात वेताच्या छडीसारख्या मुली सकाळी काय पितात, दिवसभर काय खात नाहीत, ते हसत हसत सांगायच्या. मुलगी त्यांच्याकडे बघत राहायची आणि ताट निवून जायचं. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं. बाप बस चालवायचा. घरी आला की थट्टा करायचा, की अशीच झिजत राहिलीस तर माझ्या गाडीत अर्ध्या तिकिटात बसशील. तिने ती थट्टा शाबासकीसारखी जपून ठेवली.

आईने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी तिला आपला धंदाच आठवला. हिला कपडे सैल झालेले हवेत ना, मग ते सैल करायला आपल्याला कितीसा वेळ लागतो? मनासारखं झालं की जेवेल पोटभर. तिने पहिल्यांदा पांढरा ब्लाउज दोन बोटं सोडला. त्या संध्याकाळी मुलगी आरशासमोर गिरकी घेऊन आली, पानावर बसली आणि मागून घेऊन जेवली. आईला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण उगाच घोर लावून घेतला. दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला भरलेलाच राहिला. मुलगी सांगत होती, की उपाय लागू पडतोय, आता थांबले तर केलेलं सगळं पाण्यात.

त्यानंतर कधी मुलगी हिरमुसून म्हणायची, की आता काहीच फरक पडत नाहीये, आणि घोटभर पाणी पिऊन निजायची. ते आईला बघवायचं नाही. ती पुन्हा ब्लेड घ्यायची. असे एकेक करून सगळे कपडे झाले. अलीकडे मुलगी वाकली की पाठीवर कापडाचा झोळ पडायचा, आणि त्यातला आपण दिलेला किती न् पोरीच्या अंगाने सोडलेला किती, ते आईलाही सांगता आलं नसतं.

निळा स्कर्ट घडी करून तिने कपाटात ठेवला, तोच कॉलेजातून फोन आला. मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली होती.

दवाखान्यात नर्सने मुलीला काट्याकडे पाठ करून उभं केलं आणि आकडा न सांगता कागदावर लिहून घेतला. डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, बोलायला सावकाश. ठोके फार मंद पडलेत, म्हणाल्या. आजपासून पोटात अन्न गेलं नाही तर इथेच ठेवून घ्यावं लागेल. सोमवारी मनाच्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठीही त्यांनी लिहिली. मग चष्मा काढून त्यांनी आईकडे पाहिलं.

“इतकं होईपर्यंत तुमच्या लक्षात कसं आलं नाही? कपडे सैल व्हायला लागले की आईलाच आधी कळतं. आणि तुम्ही तर शिवता.”

खोटं बोलायला वाव होता. आईने पदराआड हात घट्ट आवळले.

“डॉक्टर, कपडे मीच सैल करत होते.”

खाटेवर पडलेल्या मुलीने डोळे उघडले.

“किती?”

“कधी एक बोट. कधी दोन.”

“निळा स्कर्ट?”

“आज सकाळीच सोडला.”

मुलीने भिंतीकडे तोंड केलं. कुणीतरी तिच्या हातातली एकुलती एक वस्तू काढून घ्यावी, तशी तिची मूठ चादरीवर उघडी पडली होती.

घरी आल्यावर आईने दूध तापवलं. ते घेऊन ती बाहेर आली, तर मशीनवर कपड्यांचा ढीग, आणि वर निळा स्कर्ट.

“पहिल्यासारखे कर,” मुलगी म्हणाली. “तू हात लावायच्या आधी होते तसे. मला बघायचंय.”

“आधी दूध घे.”

“आधी हे.”

आई मशीनवर बसली. दुसऱ्या कुणाला त्या बुजलेल्या भोकांचा माग लागला नसता. तिला बोटांनीच लागला. बरोबर त्याच रेषेवरून तिने दोन्ही बाजूंना शिवण घातली. मुलगी शेजारी उभी राहून टाका न् टाका बघत होती, पुन्हा फसवणूक नको म्हणून. दुधावर साय धरली.

मुलीने स्कर्ट चढवला, हूक लावला आणि हात काढले. स्कर्ट कमरेवर थांबला नाही. हाडांवर क्षणभर अडखळला आणि तसाच खाली गेला. तिच्या पायांभोवती निळं कडं पडलं.

आता तरी हिला दिसेल, आईला वाटलं. बरगड्या, गुडघे, सगळंच समोर आरशात होतं.

मुलगी बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला. इतक्या मोकळेपणाने ती कित्येक आठवड्यांत हसली नव्हती.

“म्हणजे माझंच होतं ते,” ती म्हणाली. “आई, तुझं नव्हतंच काही.”

आई जमिनीवर गुडघे टेकून बसली. तिने दोन्ही हातांनी स्कर्ट वर उचलला, मुलीच्या कमरेशी आणला आणि उरलेलं कापड मागे मुठीत गोळा केलं. ते पुष्कळच होतं. मग डबीतून चार टाचण्या घेऊन तिने त्या ओठांत धरल्या. टाचण्या ओठांत असल्या की शिंपिणीला काही बोलावं लागत नाही.