दोन लिंबं आणि कानातला सेल

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझीच कवळी मला चावो. मागे आमचं मांजर इस्त्री करायला शिकलं म्हणाले होते, ते सोडा. हे खरं आहे.

माझी नात, खारूताई, दहा वर्षांची. शाळेत दाखवायला घरच्या घरी बॅटरी करत होती. दोन लिंबं घ्यायची, प्रत्येकात एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसायचा. एका लिंबातला खिळा दुसऱ्यातल्या तारेला जोडायचा आणि उरलेली दोन टोकं छोट्या घड्याळाच्या सेलच्या खाचेत लावायची. आठ दिवस खपली पोर. शेवटी घड्याळावर आकडे उमटले तेव्हा अशी किंचाळली, की तिच्या आजोबांनाही ऐकू आलं, आणि त्यांच्या कानात तेव्हा मशीन नव्हतं!

"उद्या वर्गात दाखवणार," म्हणाली आणि सगळं सोडवून वाटीत ठेवलं.

आता माझी खोड. मळकट काही दिसलं की हात शिवशिवतात. पोरीनं असले राखाडी खिळे चारचौघांत न्यायचे? मी तारा आणि खिळे लिंबाच्या रसात बुडवून झाकून ठेवले. सकाळी बघते तर तारा सोन्यासारख्या लखलखीत! खिळ्यांवरून बुडबुडे येत होते. म्हटलं, मळ निघतोय. मळ कसला, मुलामाच गेला सगळा.

ती अंघोळीला गेली तेवढ्यात कौतुकानं जोडून ठेवायला गेले, तर घड्याळ ढिम्म. खरं सांगायचं सोडून मी काय करावं? ह्यांच्या कानाच्या मशीनमधला सेल काढला आणि खाचेत तारांखाली सरकवला. मापाचाच निघाला मेला. घड्याळ सुरू!

"आजी, तू जोडूनसुद्धा ठेवलंस?" खारू माझ्या गळ्यातच पडली.

वर्गात विज्ञानाच्या बाईंनी शाबासकी दिली. मग, समजावून सांगायला म्हणून, एक खिळा उपसला. घड्याळ चालूच. दुसरा उपसला, तरी चालूच. बाईंनी खाच उघडली आणि सेल टेबलावर ठेवला. वर्ग फिदीफिदी हसला.

पोर घरी आली ती पाठीवरचं दप्तरही न काढता भिंतीकडे तोंड करून बसली. "मी नाही फसवलं गं आजी. बाईंना खरंच वाटत नाही. सगळे मला चीटर म्हणतात."

आणि मी काय म्हणाले? "कुणीतरी खोडी काढली असेल गं बाळा." ह्याच तोंडानं म्हणाले.

त्याच दुपारी ह्यांना घेऊन शाळेत गेले. भर वर्गात सांगितलं, "बाई, चोर मी आहे."

बाई हसल्या. "आजी, नातीसाठी जीव तुटतो तुमचा, कळतं मला. पण मांजरानं इस्त्री केली हेही तुम्हीच सांगून गेला होतात ना?"

घ्या! जन्मभर थापा मारल्या, आणि एकदा खरं बोलले तर कुत्रं विचारेना. खारू खाली मान घालून पेन्सिल कुरतडत होती.

"मग ह्यांना विचारा," मी म्हटलं.

बाईंनी विचारलं, "आजोबा, तुमच्या मशीनचा सेल कुठे गेला?"

"गुडघा ना? आता बरा आहे," हे म्हणाले.

वर्ग पुन्हा हसला. मी बाईंपुढे हात पसरला. "तो सेल द्या." मशीनमध्ये घातला, मशीन ह्यांच्या कानात बसवलं. बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, आता येतंय ऐकू?"

"येतंय की! आणि ही बया तीन दिवस मला सांगतेय, मशीन बिघडलं म्हणून!"

बाईंचं हसू मावळलं. त्या खारूजवळ गेल्या. "चुकलं गं माझं," म्हणाल्या. मी पिशवीतून नवे खिळे काढले, न घासलेले. खारूनं ते लिंबांत खुपसले, टोकं जोडली. आकडे उमटले. माझ्याकडे मात्र तिनं बघितलं नाही.

काय? ऐकलंत तुम्ही, हे काय बोलून गेले ते? बरं बाई, कबूल. 'त्याच दुपारी' हे मी पदरचं घातलं. तीन दिवस लावले मी. तीन दिवस पोर चीटर म्हणवून घेत शाळेत जात होती, आणि मी रोज सकाळी तिची वेणी घालून देत होते.