पाहुण्याची खुर्ची

घरसामान हलवणाऱ्या सहा जणांच्या त्या टोळीत त्याला सगळे क्रेन म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडायचं. पण त्या सकाळी स्वयंपाकघरात भरलेला सिलिंडर उचलून हा गडी झटक्यात उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सिलिंडर दणकन खाली टेकवून त्याने दाराची चौकट गच्च धरली.

चहा गाळणाऱ्या बायकोचा हात थांबला. "हे कितव्यांदा?"

"कसलं कितव्यांदा? पाय घसरला."

"कोरड्या फरशीवर?"

बारा वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहून घेणारी बाई ती. रोज शंभर जणांच्या थापा ऐकायची, ही एकशे एकावी कुठली चालायला! शेवटी त्याने कबूल केलं. महिन्याभरातली ही चौथी वेळ. एकदा तर जिन्यात, कपाट हातात असताना.

"तेव्हा खाली कोण होतं?"

त्याने नजर सिलिंडरकडे वळवली. खाली तिचाच भाऊ होता. जड सामान चढवताना दाजी वरच्या बाजूला आणि मेहुणा खालच्या, ही जोडी ठरलेली.

तिने त्याला त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी नीट तपासलं. हृदय ठीक होतं. "उपाशीपोटी कामाला जाता, पाणी पीत नाही, वर उचलताना श्वास कोंडून धरता," त्या म्हणाल्या. "डोक्याला रक्त कमी पडतं, दुसरं काय होणार? खाऊन जा. उचलताना श्वास सोडा. आणि गरगरलं की ओझं ताबडतोब खाली ठेवा. तरीही झालं तर लगेच माझ्याकडे या."

सगळं पटलं, पण 'खाली ठेवा' काही घशाखाली उतरेना. कारण टोळीचा रिवाज! जिन्यात कोणी 'थांब' म्हणायचं नाही. म्हणालाच, तर मुकादम टेम्पोतली हिरवी घडीची खुर्ची आणून भर जिन्यात उघडायचा, "या पाहुणे, बसा." मग दिवसभर त्याला पाहुणा म्हणायचं आणि जड सामानाला हात लावू द्यायचा नाही. मागच्या वर्षी एक उंच, अबोल गडी असा पाहुणा झाला आणि आठवड्यात काम सोडून गेला. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो क्रेनच.

"तुला कळत नाही," तो रात्री जेवताना बायकोला म्हणाला. "नाव जातं माणसाचं."

"चक्कर तुम्हाला येणार आणि कपाट माझ्या भावाच्या अंगावर पडणार," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं नाव राखायला त्याला खाली उभा करता का?"

तो नुसता ताटात बोट फिरवत राहिला.

तिसऱ्या दिवशी एका शिंप्याचं लोखंडी कपाट चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं. लिफ्ट बंद, जिना अरुंद. क्रेन पोटभर खाऊन आला होता, श्वासही सोडत होता. पण दुसऱ्या मजल्यापर्यंत जुनी सवय परत आली आणि श्वास छातीतच अडकला. वळणावर कान वाजायला लागले, समोरची भिंत काळवंडली. पुढच्या मजल्याला सहाच पायऱ्या उरल्या होत्या. रेटू का? त्याने खाली पाहिलं. कपाटाच्या कडेवरून मेहुण्याचा घामाने चिंब झालेला माथा दिसला.

"थांब!"

अख्ख्या जिन्यात तो शब्द घुमला. दोघांनी कपाट हळूच पायरीवर टेकवलं, मागच्यांनी आधार दिला. क्रेन गुडघ्यांत डोकं घालून बसला. खालून मुकादम चढत आला, काखेत हिरवी खुर्ची.

"या पाहुणे, बसा."

कोणीतरी फिसकन हसलं. क्रेन उठला आणि खरोखरच खुर्चीत बसला.

"बसतो," तो म्हणाला. "चक्कर आली मला. मागेही आली होती, याच माणसाच्या डोक्यावर कपाट असताना, आणि मी गप्प राहिलो. मला त्याची लाज वाटते. बसण्याची नाही."

मग मेहुणा तळवे चोळत म्हणाला, "दाजी, माझे हात पहिल्या मजल्यापासून सुटत होते. तुम्ही थांबेनात, म्हणून मीही बोललो नाही."

"मला परवा गरगरलं होतं," आणखी एकाने कबुली दिली.

मुकादम मिशी कुरवाळत उभा राहिला. मग म्हणाला, "ऊठ रे क्रेन, सरक जरा. वीस वर्षं माझ्याही डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." आणि तो स्वतः त्या खुर्चीत बसला! यावेळी सगळेच हसले, पोट धरून हसले.

क्रेनने त्या दिवशी पुन्हा ओझं उचललं नाही. तो वर उभा राहून ताल देत राहिला, "उचला, श्वास सोडा, टेकवा." चार ठिकाणी थांबत कपाट चौथ्या मजल्यावर पोचलं. शिंप्याने चारी कोपऱ्यांवरून हात फिरवला. "ओरखडासुद्धा नाही हो! भिंतीलाही नाही!" टोळी जिना उतरली ती छाती पुढे काढून.

संध्याकाळी क्रेन परस्पर त्या अबोल गड्याच्या दारात गेला. "मी हसलो होतो तुला," तो म्हणाला. "चुकलो. परत ये." सोमवारी तो गडी टेम्पोत होता.

आता टेम्पोतून सगळ्यांत आधी उतरते ती हिरवी खुर्ची, आणि जिन्याच्या वळणावर ती कोणाचीही असते. वाचकहो, तुमच्या कामाच्या जागीही अशी एखादी खुर्ची असेल, जिच्यावर बसायची माणसांना लाज वाटते. ताकद ओझं उचलण्यात असते, तशी ते वेळेवर खाली ठेवण्यातही असते. त्या खुर्चीवर आधी तुम्ही बसा. तुमच्या खालच्या पायरीवर कोणाचा तरी भाऊ उभा आहे.