वादळाच्या खिशातला टायमर

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. भिंतीवरून सगळ्या जगावर नजर ठेवणारं घड्याळ नव्हे, आणि फोनमध्ये आयता मिळतो तो तर मुळीच नव्हे. मी पत्र्याचा आहे, गोल आहे, मुठीत मावतो. माझं डोकं पिळलं की मी टिकटिक चालू लागतो आणि वेळ भरली की घणघणतो. माझ्यात एवढंच आहे. पण तेवढं मी चोख करतो, आणि त्यात कुणी लुडबुड केली तर माझं डोकं फिरतं.

कारखान्यात एका कामगार बाईंनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरून ऐकलं आणि मान डोलावली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी. तिथून मी एका आईच्या स्वयंपाकघरात आलो. तिला दोन मुलं होती. थोरला मुलगा शांत. धाकटी मुलगी मात्र एक काम हातात घेऊन दुसऱ्याच्या मागे धावायची, तिसऱ्याला अडखळून पडायची. घरात तिला सगळे वादळ म्हणायचे.

आई मला वादळाच्या वहीजवळ ठेवून सांगायची, "हा वाजेपर्यंत उठायचं नाही." बिचारी खरोखर प्रयत्न करायची. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून बसायची. तरी मी वाजायच्या आत ती खिडकीत असायची. मग सगळे म्हणायचे, हुशार आहे पण मनावर घेत नाही. मला तेव्हाही ते पटत नव्हतं. मनावर घेतलं नसतं तर तिची बोटं पांढरी कशाला पडली असती?

पुढे आई गेली. मी एका खणात सुतळी, बुचं आणि मेलेल्या बॅटऱ्यांच्या संगतीत पडलो. माझ्या डोक्यावर गंज चढला. कुणाला माझी आठवण आली नाही, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

भावाबहिणींनी मिळून कवळ्या बनवायचं छोटं वर्कशॉप थाटलं. दातांचे डॉक्टर तिथे रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे पाठवतात. मेणात दात बसवायचे, त्याभोवती प्लास्टरचा साचा करायचा, मग साचा उकळत्या पाण्यात ठेवून आतलं मेण वितळवायचं, असं ते नाजूक काम. दात बसवण्यात वादळाचा हात कुणी धरत नसे. पण चष्मा कुठे, ठसा कुठे, गॅस बंद केला का, यात तिचा अर्धा दिवस जायचा. दादा मागून सगळं निस्तरायचा. कधी चिडायचा, मग स्वतःच ओशाळायचा.

वयाची पस्तिशी उलटल्यावर ती एका डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी दोनतीन वेळा बसवून सगळं विचारलं आणि सांगितलं, "हा एडीएचडी आहे. लक्ष न टिकण्याचाच हा विकार. तुम्ही आळशी नाही आणि बेफिकीरही नाही." ती घरी येऊन ढसाढसा रडली. दादाने त्या दिवशी खण उपसून मला शोधलं, तेलपाणी केलं आणि तिच्या कामाच्या ॲप्रनच्या वरच्या खिशात टाकलं. म्हणजे मी थेट तिच्या छातीवर आलो.

गोळी सुरू झाली आणि काय सांगू, घेतलेलं काम ती पुरं करू लागली. चष्मा नाकावर राहू लागला. एकदा दादा म्हणाला, "वादळ, आज मला निस्तरायला काही ठेवलंच नाहीस." ती लहान मुलीसारखी खूश झाली.

पण गोळीची दुसरी बाजूही हळूहळू दिसू लागली. तिची भूक मेली. तोंडाला कोरड पडायची. झोप उडाली. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, भूक लागायची वाट बघू नका, वेळ झाली की जेवा, कॉफी सोडा आणि काही त्रास झाला तर लगेच सांगा. जेवणाच्या वेळेसाठी दादा मला लावून द्यायचा. मी घणघणलो की ती मला मुठीत दाबून गप्प करायची, डबा कपाटात सरकवायची आणि दादाला सांगायची, "जेवले." वर कडक कॉफी प्यायची. आता बोला! वाजण्यासाठी जन्मलेल्याचं तोंड दाबायचं म्हणजे काय?

त्याहून वाईट गोष्ट फक्त मला ठाऊक होती. गोळी घेतल्यावर तिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात पळायचं. मी एका लयीत चालतो. तिचं काळीज मध्येच धडपडायचं, मग दडादडा धावायचं. ती टेबलाची कड धरून उभी राहायची, अगदी लहानपणी धरायची तशी. दादा म्हणायचा, "चेहरा का उतरलाय?" ती म्हणायची, "काही नाही रे." माझा जीव टांगणीला लागायचा. पण मला तोंड आहे ते फक्त वाजायला.

ती लपवत का होती? कारण तिला गोळी बंद होण्याची भीती वाटत होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्या डोक्याला ताप झाली नव्हती. नाडी बघून डॉक्टर औषध काढून घेतील या धास्तीने तिने एक शक्कल लढवली. तपासणीच्या दिवशी सकाळी ती गोळी घ्यायचीच नाही. मग नाडी शहाण्यासारखी चालायची आणि डॉक्टरबाई म्हणायच्या, "छान."

अशाच एका तपासणीच्या दिवशी ती साचा गॅसवर ठेवून विसरली. भांडं कोरडं पडलं. दादाने धावत येऊन त्यात पाणी ओतलं आणि वाफेने त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. त्याला वाटलं, गोळी कमी पडतेय. तिने त्याला तसंच वाटू दिलं. रोज त्याची पट्टी बदलताना ती त्याच्याकडे बघत नसे.

पुढची तपासणी आली. तिने पुन्हा गोळी घेतली नाही. मनाशी ठरवलं, आज गॅसला हात लावायचा नाही. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "धडधड? झोप? जेवण?" ती म्हणाली, "सगळं ठीक." मी तिच्या पर्समध्ये होतो. मी पत्र्याचा नसतो तर मला घाम फुटला असता.

वर्कशॉपमध्ये परतली तर एका दातांच्या डॉक्टरांचा निरोप होता. त्यांच्या म्हाताऱ्या रुग्णाची कवळी तडकली होती, नवी संध्याकाळी हवी होती. दादाचा हात पट्टीत. "मी करते," ती म्हणाली. ॲप्रन चढवला, साचा उकळत्या पाण्यात सोडला, माझं डोकं पिळलं, मला खिशात टाकलं. इतपत सगळं बरोबर झालं. मग बाहेरच्या खोलीत फोन वाजला. ॲप्रनला मेण लागलं होतं म्हणून तिने तो काढून गॅसजवळच्या खुंटीला अडकवला आणि ती गेली.

मी खिशात टिकटिकत राहिलो. पाणी उतरत होतं. वेळ भरली, मी घणघणलो. जेवढी स्प्रिंग होती तेवढा घणघणलो. कुणी आलं नाही. स्प्रिंग संपली, मी थांबलो. पाणी संपलं. प्लास्टर तडतडू लागलं, धूर निघाला, आणि ॲप्रनचं टोक आचेकडे हलू लागलं. पिळल्याशिवाय मला पुन्हा वाजता येत नाही, मित्रांनो. त्या वेळी मला स्वतःची फार चीड आली.

वास आला तसा दादा धावत आला. डाव्या हाताने गॅस बंद केला, ॲप्रन ओढून काढला. साच्याचे दोन तुकडे झाले होते. ती दारात येऊन थिजली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुझी चूक नाही गं. गोळीच पुरत नाहीये. डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घेऊ." आणि त्याने फोन लावलासुद्धा.

ॲप्रन त्याच्या हातात लोंबत होता आणि खिशात मी. डोस वाढवायचा? त्या धडपडणाऱ्या काळजावर? फोनची रिंग जात होती. पलीकडून डॉक्टरबाई "हॅलो" म्हणाल्या.

"दादा, नको," ती म्हणाली. "मी आज गोळी घेतलीच नाही. तपासायच्या दिवशी मी घेतच नाही. घेतली की छातीत इतकं धडधडतं, मला भीती वाटते. त्या बंद करतील म्हणून सांगत नाही."

दादाने आपल्या पट्टीकडे पाहिलं. "त्या दिवशीपण?"

"त्या दिवशीपण."

मग त्याने फोन तिच्या हातात दिला. "आता मला सांगितलंस तसंच त्यांना सांग."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला लगेच बोलावून घेतलं, छातीची तपासणी केली, औषध बदललं, डोस कमी केला. "तुम्ही लपवलंत तर मी आंधळ्यासारखं औषध देते," एवढंच म्हणाल्या. दादा मात्र चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. पाचव्या दिवशी मी जेवणासाठी वाजलो तेव्हा तो आपला डबा घेऊन तिच्या समोर येऊन बसला.

सगळं सरळ झालं असं नाही. अजून चष्मा हरवतो, एखादा ठसा फ्रिजमध्ये सापडतो. पण आता मी ॲप्रनच्या खिशात नसतो, दादाने मला सुतळीला बांधून तिच्या गळ्यात अडकवलंय. तिथून तिचं काळीज मला नीट ऐकू येतं. ते आता माझ्या बरोबरीने चालतं.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, पडू देऊ नका, हे तर आहेच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. आतून काही वाजत असेल तर त्यावर मूठ दाबू नका.

परवा तपासणी होती. सकाळी तिने गोळी घेतली, मगच निघाली. दवाखान्यात शिरताना तिने मला जेवणाच्या वेळेसाठी लावलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही त्रास?" ती सांगू लागली आणि सांगतच राहिली. मध्येच तिच्या गळ्यात मी घणघणलो. तिचा हात सवयीने माझ्याकडे आला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाजू द्या त्याला. तुम्ही बोला."