सातवं कडं

श्रावणात आमच्या वाडीत वाण्या, म्हणजे ते पुष्कळ पायांचे लांबट किडे, निघतात. ओट्यावर, न्हाणीच्या कडेला, सोयाबीनच्या सरीत, कुठेही. बोट लावलं की अंगाची चकती करून पडून राहतात. मोठी माणसं त्यांना खराट्याने लोटून देतात. मुलं मात्र काड्यापेटीत भरून माझ्याकडे आणतात. शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, पण शनिवार दुपारचा माझ्या ओट्यावरचा वर्ग काही निवृत्त व्हायला तयार नाही.

यंदा जामखेडला मुलांचं निसर्ग प्रदर्शन होतं. आम्ही वाण्यांची कुळं मांडायचं ठरवलं. तीन कुळं, तीन डब्या. पहिली पेन्सिलीसारखी गोल आणि लांब. दुसरी चपट्या पाठीची, जिच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला दोन्ही बाजूंनी छपरासारखी कड असते. तिसरी अंगाची गोटी करणारी. ती आमच्याकडे सापडत नाही. माझा जुना विद्यार्थी गोरक्ष कृषी महाविद्यालयात किड्यांचा अभ्यास करतो, त्याने ती भंडारदऱ्याहून आणून दिली होती.

नियम दोनच. जिवंत वाणीला छळायचं नाही, मेलेलीच मोजायची. आणि ज्याची मोजणी बरोबर, त्याचं नाव त्या कुळाच्या डबीवर.

चपट्या वाण्या दोन मिळाल्या होत्या. एक ओमला दिली, एक धनश्रीला. ओम आमच्या वर्गाचा हुशार. धनश्री वाडीतल्या आसारामची मुलगी. दसऱ्यानंतर घरचे ऊसतोडीला निघाले की तीही जाते, परत येते ती शिमगा झाल्यावर. त्यामुळे तिची हजेरी अर्धी, आणि तिला चिडवणं मात्र पूर्ण. त्या डबीवर आपलं नाव लागावं असं तिच्या मनात फार होतं. मला कसं कळलं? आल्यापासून तिने पाटीवर तीन वेळा स्वतःचं नाव वळणदार लिहून पुसलं होतं.

वाण्या कोमट पाण्यात भिजवून मऊ केल्या, पांढऱ्या बशीत उताण्या ठेवल्या. ओमने पाच मिनिटांत हात वर केला.

"बाई, बासष्ट!"

माझ्या वहीत बासष्टच होते. पहिल्या कड्याला पाय नाहीत, पुढच्या तीन कड्यांना दोन-दोन, मग चार-चार, आणि शेवटची दोन कडी बिनपायांची. मी मान डोलावली.

धनश्रीचं अजून चाललं होतं. तिने फरशीवर चिंचोके मांडले होते. एका कड्याची एक ओळ, जेवढे पाय तेवढे चिंचोके; पाय नसले तर ओळीची जागा रिकामी. डोळ्याला भिंग लावून ती एकेक पाय काडीने बाजूला सारत होती.

"धने, आता दसरा येईल," शेजारी बसलेली संस्कृती म्हणाली. "मग परत कारखान्यावर जाशील. तिथंच मोज."

"गप गं तू." धनश्रीने मान वर न करता शेवटचा चिंचोका ठेवला. "बाई, साठ."

पोरं हसली. ओम म्हणाला, "हिचे पाढे फडातच राहिलेत!"

मी तिला पुन्हा मोजायला सांगितलं. साठ. तिसऱ्यांदा मोजले. साठच.

"अगं, दोन गळून पडले असतील," मी म्हणाले. "मेलेल्या वाणीचे पाय तुटतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता.

"तुटले न्हाईत बाई. तुटलं तर बुडखा राहतो. ऊस किती बी खालून तोडा, जमिनीत बुडखा राहतोच. हितं बुडखा न्हाई. हितं दुसरंच कायतरी हाय."

"कुठं?"

तिने चिंचोक्यांच्या ओळी दाखवल्या. सहावी ओळ चारची. आठवी चारची. मधल्या सातव्या ओळीत दोनच.

मी चष्मा पुसला आणि भिंग घेऊन वाकले. सातव्या कड्याला मागची पायांची जोडी होती. पुढची नव्हती. तिच्या जागी दोन इवलेसे आकडे होते, आत वळलेले, एकमेकांशेजारी नीट दुमडून ठेवलेले.

"कोयत्यावानी हायेत, न्हाई का?" धनश्री कुजबुजली.

तसेच होते. इतकी वर्षं मी मुलांना वाण्या दाखवत आले, आणि हे मला माहीत नव्हतं. मी गोरक्षला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल भिंगावर धरला.

"गोरक्षा, हे काय आहे रे?"

"जरा स्थिर धरा ना बाई. हां... अरे वा! नर आहे हा. ते आकडे म्हणजे पायच, पण चालायचे नव्हेत, मादीशी जुळताना कामाला येतात. सातव्या कड्यावर शोधले का तुम्ही?"

"मी नाही. धनश्रीने."

"कोण धनश्री?"

"मी!" तिने मोबाईलसमोर तोंड आणलं, इतकं जवळ की त्याला फक्त नाक दिसलं असेल.

"ऐक धनश्री. वरून दोन वाण्या अगदी सारख्या दिसल्या, की आम्ही हेच आकडे बघतो. प्रत्येक जातीचे निराळे असतात. कुळं लावताना मोठमोठी माणसं हेच शोधत बसतात. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. चिंचोके कमी भरले."

गोरक्ष तिकडे मोठ्याने हसला. "मादीला ते पाय साधेच असतात. तिचे बासष्ट, याचे साठ. दोन्ही बरोबर!"

मी फोन ठेवला आणि वही उघडून मुलांपुढे धरली. "तीस वर्षांपूर्वी मी एकच वाणी मोजली. ती मादी असणार. तेवढ्यावर मी सगळ्या वाण्यांचे पाय ठरवून टाकले. चूक माझी. धनश्री, तुझं बरोबर होतं, आणि मी पुन्हा पुन्हा मोजायला लावलं."

"तुमी लावलं म्हणून तर खात्री झाली," ती म्हणाली आणि लाजून चिंचोके गोळा करू लागली.

"ठेव, ठेव. ओळी मोडू नकोस." मी तिचा हात धरला. "आता ओमची मादी आहे का बघू. ओम, तुझ्या ओळी कुठं आहेत?"

ओम खाली बघू लागला. "बाई, मी... मी मोजलेच न्हाईत. तुमची वही उघडी हुती."

काय हशा झाला! सगळ्यांत जोरात संस्कृती हसली. ओमही शेवटी हसला आणि धनश्रीपुढे बसला. "दे की चिंचोके. कसं करायचं ते सांग."

"काडी हळू धर. पाय मोडला तर तुझाच मोडंन," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ओमला बासष्ट मोजायला पाऊण तास लागला. बाकीची पोरं आपापल्या काड्यापेट्या उघडून, पेटीत मेलेल्या गोल वाण्या उताण्या करून सातवं कडं शोधत होती. "नर सापडला!" "माझी मादी!" असा गलका ऐकून शेजारचा हनुमंत कुंपणावरून डोकावला, कुणाचं लग्न जमलं म्हणून.

चपट्या वाणीची एक डबी होती, तिच्या आम्ही दोन केल्या. एकीवर 'नर, पाय साठ'. तिच्याखाली धनश्रीने पाटीवर गिरवलेलं नाव आता शाईने लिहिलं, आणि ते पुसायचं कारण उरलं नाही. दुसरीवर 'मादी, पाय बासष्ट', खाली ओमचं नाव.

प्रदर्शनात एक साहेब आमच्या टेबलापाशी थांबले. "काय गं, याला खरंच साठ पाय आहेत?"

धनश्रीने त्यांच्या हातात भिंग दिलं आणि ओंजळभर चिंचोके पुढे सरकवले.

"मोजा की सर. घाई न्हाई."