स्नोच्या जाहिरातीतली डावी बाई

देवरावांची टीम भिलाईत उतरल्यापासून जानरावच्या नाकात तोंडाला लावायच्या स्नोचा वास बसला होता. गुलाबाचा म्हणून विकायचा हा स्नो, पण उन्हात ठेवलेल्या जुन्या खोबरेलासारखा यायचा. ताटावर बसलं तरी हाताला तोच वास. जानराव घास खाली ठेवायचा आणि त्याची बायको भीमाबाई म्हणायची, "जेवत कावून नाई? फोटो काढून काढून भूक मेली का?"

भूक कसली मरतेय, जीवच विटला होता. देवराव नागपूरचे जाहिरातवाले. चंद्रकळा स्नोची जाहिरात त्यांनी घेतली होती, आणि तिच्यामागे भिलाईचा नवाकोरा पोलाद कारखाना दिसला पाहिजे असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. का, तर देश नवा आणि बाईही नवी. असलं काही तरी बोलून हा माणूस स्वतःच मान डोलवायचा. मुंबईहून कमलिनी नावाची मॉडेल आणली होती, तिचा चेहरा रंगवायला ओमप्रकाश होता, आणि फोटोग्राफर म्हणून भिलाईशेजारच्या दुर्गच्या स्टेशन रोडवर स्टुडिओ असलेला जानराव. "आपण सगळे एक टीम आहोत," असं देवराव येता-जाता म्हणायचे आणि पाणी मात्र स्वतःच्या थर्मासमधलंच प्यायचे. जानरावच्या स्टुडिओतल्या माठाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. जानरावला कारण कोणी सांगायची गरज नव्हती. नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन त्याला चार वर्षं झाली होती, पण दीक्षा त्याने घेतली होती, देवरावांनी नव्हे.

कमलिनीचे फोटो आधी उरकले. लाल मुरमाच्या ढिगाऱ्यावर तिला रेशमी साडीत उभं केलं, मागे कारखान्याच्या चिमण्या. ती बरी होती बिचारी, पण ओमप्रकाशने तिच्या गालांवर थापलेला रंग घामाने ओघळला तेव्हा खालची कातडी जानरावला भिंगातून स्वच्छ दिसली. लाल, पुरळलेली, कडेने सालपटं निघालेली. "हाच स्नो लावते का तुम्ही?" त्याने विचारलं, तर ती म्हणाली, "पहिल्या दिवशी लावला होता. आता हात नाही लावत." ओमप्रकाशने लगेच वरून दुसरा थर मारला. जानरावला भिंतीच्या पोपड्यांवर चुना फासताना पाहिल्यासारखं झालं. कमलिनी संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघून गेली.

इतकी किळस येत होती तर त्याने काम सोडायचं होतं, असं कोणी म्हणेल. पण हे काम पसंत पडलं तर वर्षभराच्या कॅलेंडरचं काम त्यालाच, असा शब्द देवरावांनी दिला होता. बारशाचे आणि मयतीचे फोटो काढून जानराव कंटाळला होता. शिवाय घरात शेवंताच्या लग्नाचं चाललं होतं.

शेवंता भीमाबाईची धाकटी बहीण. कारखान्याच्या बांधकामावर रेजा होती, दिवसभर डोक्यावर घमेली वाहायची. नाकीडोळी नीटस, हसली की समोरचा माणूस आपोआप हसावा अशी. रंगाने सावळी. रेल्वेतल्या पंजाबराव फिटरच्या मुलासाठी तिची विचारणा झाली होती. मुलगा चांगला होता, शेवंताच्या मनातही भरला होता. पण त्या लोकांनी आधी फोटो मागितला होता.

म्हणून देवराव जेव्हा म्हणाले, "जानराव, एक खरी कामकरी बाई हवी. देश घडवणारी. आहे का कोणी ओळखीत?" तेव्हा जानरावने आपल्या तोंडाने शेवंताचं नाव सांगितलं. देवरावांनी नागपूरहून आणलेला एवढा मोठा कॅमेरा, एवढं भारी भिंग. देवरावांचं काम झालं की पंजाबरावांकडे धाडायला तिचाही एक झकास फोटो काढून घेऊ, असा त्याचा हिशोब.

शेवंता आली ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, नाकात चमकी घालून. देवरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही नटून आली." मग ओमप्रकाश पुढे झाला. ज्या फडक्याने जीपची काच पुसली त्याच फडक्याने त्याने तिच्या तोंडावरची पावडर पुसली. चमकी काढायला लावली. केस विस्कटले आणि तेलात कोळशाची भुकटी कालवून गालांवर, हनुवटीवर बोटांनी फासली. एवढं करून हात लुगड्याच्या पदराला पुसले. तिच्याच पदराला. जानरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने काय केलं? कॅमेऱ्यामागच्या काळ्या कपड्यात डोकं घातलं.

"नुसता चेहरा घ्या," देवराव म्हणाले. "आणि तिला सांगा, हसू नको."

"भाऊजी," शेवंता म्हणाली, "हसू नाई, तर मंग फोटो कायचा?"

"साहेबाले कारखान्यासाठी तसाच पाह्यजे. थोडा वेळ दम धर," जानराव म्हणाला. नंतर त्याने तिला तोंड धुवायला लावलं आणि तिचा दुसरा फोटो काढला. तेव्हा ती मनासारखी हसली.

दोन दिवसांनी देवराव स्टुडिओत आले आणि जाहिरातीचा कागद टेबलावर पसरला. डावीकडे एक चौकोन, त्यावर लिहिलेलं: आधी. उजवीकडे कमलिनीचा चौकोन: नंतर. डाव्या चौकोनात शेवंता.

"साहेब, तुम्ही तर देश घडवणारी बाई म्हणाले होते," जानराव म्हणाला.

"घडवतेच आहे की," देवराव म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. "एकच बाई, स्नो लावण्याआधीची आणि नंतरची. पण घोटाळा असा झालाय की पोरगी काळं फासूनही चांगली दिसते. हे आपल्याला चालायचं नाही. तुम्ही तिला जरा खराब करा. वांग टाका, देवीचे व्रण टाका. तुमच्या हातात कला आहे. कॅलेंडरचं पक्कं समजा."

कला म्हणजे काय, तर निगेटिव्हवर काम करायची कला. सगळं दुर्ग त्यासाठी जानरावकडे यायचं. लग्नाच्या पोरीचा फोटो काढला की तो निगेटिव्ह खिडकीशी धरून चेहऱ्यावर टोकदार पेन्सिल फिरवायचा. पेन्सिल फिरली तेवढी जागा कागदावर गोरी उमटायची. आणि काळं करायचं तर चाकू. बारीक पात्याने निगेटिव्हवरचा थर खरवडायचा. खरवडलं तिथे डाग. आजवर चाकूने त्याने फार तर मागच्या भिंतीवरचं ऊन कमी केलं होतं. माणसाच्या तोंडाला पातं लावलं नव्हतं.

नाही म्हणावं, असं त्याला पुष्कळ वाटलं. पण नाही म्हटलं तर देवराव नागपूरला दुसऱ्याकडून करून घेणार, आणि तो कसा तरी करणार, म्हणजे शेवंता ओळखू येणार. पंजाबरावांच्या घरापर्यंत बभ्रा होणार. त्यापेक्षा आपणच करू, असं करू की तिची सख्खी बहीणही ओळखणार नाही. भित्र्या माणसाला असला युक्तिवाद चटकन सुचतो. जानरावला तो बसल्या जागी सुचला.

त्याने दार लावून घेतलं आणि खरवडायला बसला. गालांवर खड्डे पाडले, ओठांच्या कडा तोडल्या, नाकाच्या शेंड्याशी वांग पसरवलं, डोळ्यांखाली खोल काळं केलं. पात्याखाली थराचा भुगा निघत होता. तो त्याने फुंकला. मागच्या दाराशी जाऊन तो ओकला, चूळ भरली आणि परत येऊन बसला, कारण हनुवटी राहिली होती.

मग पाप फेडायच्या घाईत त्याने दुसरा निगेटिव्ह घेतला, हसऱ्या शेवंताचा. त्यावर पेन्सिल फिरवली ती थांबेचना. इतकी गोरी त्याने आजवर कुठलीच पोरगी केली नव्हती. भीमाबाईने फोटो पाहिला, मग शेवंताकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगला आला." सगळ्यांचेच फोटो असे यायचे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पंजाबरावांनी फोटो पाहताच निरोप धाडला, रविवारी पाहायला येतो. आले. शेवंता चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पंजाबरावांची बायको तिच्याकडे पाहून मग तिच्या मागच्या दाराकडे पाहत राहिली. "फोटोतली पोरगी कुठी हाये?" तिने विचारलं. टिंगल नव्हती त्यात, खरंच विचारत होती. चहा पिऊन, कळवतो म्हणून ते उठले. शेवंता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. फोटोबद्दल तिने जानरावला एक शब्द विचारला नाही. दोष फोटोचा नाही, आपल्या तोंडाचा आहे, असंच तिने धरलं होतं.

महिना गेला. पंजाबरावांकडून ना होकार आला, ना नकार. जानरावला कॅलेंडरचं काम मात्र मिळालं. अशात एका संध्याकाळी तो शेवंताला घेऊन दुर्गच्या बाजारातून येत होता. बांगड्या-पावडरीच्या मनिहारी दुकानाशी ती थांबली. दाराच्या बाजूला चंद्रकळा स्नोची जाहिरात डकवली होती, हात-दोन हात लांब. आधी आणि नंतर.

आता ती ओळखते, आता वळते, असं जानरावला झालं. शेवंता डाव्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिली.

"बिचारी," ती म्हणाली. "देवी आल्या असन तिले." मग उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे. "हे तुमच्याच साहेबाची जाहिरात ना, भाऊजी? दोनी फोटो तुमीच काढले?"

"हो."

"मंग तुमाले तर माहीत असन. खरंच एकच बाई हाये का हे?"

तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. जानरावने तो शोधला, कारण संशय असता तर खरं बोलायला त्याला थोडी मदत झाली असती. दुकानदार गल्ल्यावरून ऐकत होता.

"हो," जानराव म्हणाला. "एकच हाये."

शेवंताने सुस्कारा टाकला. पंजाबरावांची माणसं येऊन गेल्यापासून तिचा चेहरा प्रथमच उजळला.

"पाहा बाप्पा. एवढी खराब झाली होती, तरी उजळून निंगाली. मी तर तिच्याहून लय बरी हाये." तिने पदर सारखा केला आणि लहान पोरीने मागावं तसं हळूच म्हणाली, "मले एक डबी घेऊन द्या ना, भाऊजी."

जानरावने दुकानदाराला डबी काढायला सांगितली.